‘केस नामंजूर’ एवढेच तोंडी सांगितले असेल तर : दिव्यांग अनुदानाच्या निर्णयाची कारणे आणि कागद लेखी कसे मागावेत

निराधारचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा अनुदान, बंद झाला किंवा केस नामंजूर झाली, ही बातमी खान्देशातल्या गावांत बहुतेक वेळा तोंडीच पोहोचते. सेवा केंद्रावरचा मुलगा संगणकात पाहून सांगतो, तलाठी वाटेत भेटल्यावर सांगतो, नाहीतर दोन महिने खात्यावर रक्कम आली नाही म्हणजे काहीतरी झाले असावे, असा अंदाज घरच्यांनीच बांधायचा असतो. मग तालुक्याला एक खेप होते, टेबलाशी उभे राहून ‘काबर?’ असे विचारले जाते, ‘तुमचं त्यात बसत नाही’ असे उत्तर मिळते आणि माणूस परतीची एस. टी. पकडतो. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरून कुबड्यांवर आलेल्या माणसाचा त्या खेपेत सबंध दिवस जातो, सोबत आलेल्याची मजुरी बुडते, आणि घरी सांगण्यासारखे काहीही हाती लागत नाही. ते तोंडी उत्तर कागदावर कसे आणावे आणि त्यामागची नस्ती (फाइल) कशी पाहावी, एवढ्यापुरताच हा मजकूर आहे.

सर्वांत आधी निर्णय कोणाचा आहे हे ठरवावे लागते, कारण चुकीच्या दारात दिलेला उत्तम अर्जही वाया जातो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. तिच्या अर्जाची चौकशी तलाठ्यामार्फत होते, अर्ज तालुका समितीपुढे ठेवला जातो आणि सगळे दप्तर तहसील कार्यालयात राहते. दिव्यांग अर्जदारासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाले आहे. टक्केवारी मात्र तहसीलदार ठरवत नाहीत. ती शासकीय रुग्णालयातील प्रमाणन करणारे वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ ठरवते आणि तिचे दप्तर तिथेच राहते. म्हणून ‘टक्के कमी भरले’ असे कारण असेल तर पत्र रुग्णालयाकडे जावे. ‘उत्पन्न जास्त’, ‘जमीन आहे’, ‘मुलगा कमावता आहे’, ‘हयातीचा दाखला दिला नाही’ असे कारण असेल तर ते तहसील कार्यालयाकडे जावे. कारणच कळले नसेल तर दोन्हीकडे स्वतंत्र पत्रे द्यावीत. एकाच पत्रात दोन्ही कार्यालयांना संबोधू नये, कारण असे पत्र दोघेही एकमेकांकडे ढकलू शकतात.

पैसे आले नाहीत म्हणजे लाभ नामंजूर झाला असेही नाही, हे इथेच सांगून टाकतो. रक्कम आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. जोडणी तुटलेली असेल किंवा दुसऱ्याच बँकेशी झालेली असेल, तर तहसील कार्यालयाच्या लेखी लाभार्थी पात्र असतो आणि खाते कोरडे राहते. आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे हे बँकेत विचारून मगच पुढची लेखणी उचलावी.

आता मुख्य गोष्ट. कारण मागणे आणि कागद मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक अर्ज त्या एकत्र केल्यामुळेच फसतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली कार्यालयाच्या अभिलेखात जे आहे ते मिळते. ‘माझी केस का नामंजूर केली?’ या प्रश्नाचे नवे उत्तर तयार करून देण्यास जन माहिती अधिकारी बांधलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सी. बी. एस. ई.च्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, आणि त्याच निकालात अस्तित्वात नसलेली माहिती किंवा मत तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हेही स्पष्ट केले. पण त्याच अधिनियमाच्या कलम ४ (१) (घ) प्रमाणे, प्रशासकीय किंवा न्यायिकवत (न्यायालयासारख्या) निर्णयामुळे ज्याच्यावर परिणाम झाला आहे अशा व्यक्तीला त्या निर्णयाची कारणे देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. तेव्हा कारणांसाठी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला साधे पत्र द्यावे आणि कागदांसाठी जन माहिती अधिकाऱ्याला जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यातील अर्ज द्यावा. दोन्ही एकाच दिवशी दिले तरी चालतात, पण कागद दोन असावेत.

कारणांचे पत्र एका पानाच्या आत संपले पाहिजे. त्यात अन्यायाची कहाणी, पुढाऱ्यांची नावे, घरची परिस्थिती यांतले काहीच नको. ते सारे खरे असले तरी त्याची जागा अपिलात आहे. मी लिहून देतो ते पत्र साधारण असे असते :

‘मा. तहसीलदार यांस. मी, खाली सही करणार, राहणार …, तालुका …, दिनांक … रोजी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज क्रमांक … दाखल केला होता. हा अर्ज नामंजूर झाल्याचे मला दिनांक … रोजी तोंडी सांगण्यात आले. लेखी आदेश मला मिळालेला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ (१) (घ) प्रमाणे या निर्णयाची कारणे मला लेखी कळवावीत. त्यात निर्णयाचा दिनांक, निर्णय घेणारा प्राधिकारी, मी ज्या अटीत बसत नाही असे ठरले ती अट, त्यासाठी आधार घेतलेला शासन निर्णय व त्याचा दिनांक, आणि ज्या कागदावरून हा निष्कर्ष काढला तो कागद यांचा उल्लेख असावा. या निर्णयाविरुद्ध कोणाकडे व किती मुदतीत अपील करता येते, हेही कळवावे.’

शेवटचे वाक्य गाळू नये. अपील कोणाकडे करायचे हे कार्यालयाने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिले, की पुढे ‘तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात’ असे म्हणायला जागा राहत नाही. चालू असलेला लाभ बंद झाला असेल, तर ‘लाभ बंद करण्यापूर्वी मला नोटीस दिली असल्यास तिची तारीख व बजावणीचा पुरावा कळवावा’ हे एक वाक्य वाढवावे. मिळणारी गोष्ट काढून घेण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे, आणि नोटीस न देताच नाव कमी केले असेल तर तो मुद्दा अपिलात सर्वांत जड ठरतो.

रुग्णालयाकडे जायचे पत्र याच धर्तीचे असले तरी त्याला आधार वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५८ प्रमाणे, तपासणीनंतर एकतर प्रमाणपत्र द्यावे लागते, नाहीतर संबंधित व्यक्तीला विनिर्दिष्ट (कायद्यात नमूद केलेले) दिव्यांगत्व नसल्याचे लेखी कळवावे लागते. २०१७ च्या नियमांनुसार नाकारण्याची कारणेही कळवायची असतात. कलम ५९ मध्ये त्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राच्या रंगावरूनही निर्णय कळतो : ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळे. पांढरे कार्ड हाती पडले म्हणजे काम झाले असे समजून अनेक जण आनंदाने घरी येतात आणि तहसीलमध्ये अडतात. पांढरे कार्ड हासुद्धा अनुदानाच्या दृष्टीने नकारच आहे, आणि त्याची कारणे मागता येतात.

रुग्णालयाकडून कोणता कागद मागायचा याबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे लोक नेमकी चूक करतात. प्रमाणपत्राची प्रत मागून उपयोग नसतो, ती आपल्याकडे असतेच. मागायची ती मोजमापाची नोंद : कोणत्या सांध्याची हालचाल किती अंश भरली, स्नायूंची ताकद किती धरली, श्रवणचाचणीचा आलेख काय होता, आणि त्यावरून टक्केवारी कशी काढली. केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी दिव्यांगत्व मोजण्याच्या मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. हात आणि पाय अशा दोन ठिकाणचे दिव्यांगत्व असेल तर त्या पद्धतीत साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा घ्यायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. एका अवयवाचे २५ आणि दुसऱ्याचे १८ असेल तर घरच्या हिशेबाने ४३ होतात, सूत्राने ३८ होतात, आणि माणूस अपात्र ठरतो. यात डॉक्टरांनी लबाडी केली असे काही नाही. पण तेच २५ ऐवजी २८ भरले असते तर सूत्राने ४०.४ झाले असते. तीन टक्क्यांचा तो फरक मोजण्यात राहिला का, एखादा अवयव मोजायचाच राहिला का, हे फक्त मोजमापाच्या कागदावरून कळते. तो न पाहता केलेले अपील म्हणजे ‘पुन्हा मोजा’ एवढीच विनवणी असते.

प्रमाणपत्र तात्पुरते आहे की कायमचे, हेही त्याच वेळी वाचून घ्यावे. मुदत संपलेल्या तात्पुरत्या प्रमाणपत्रामुळे लाभ थांबला असेल तर भांडण तहसील कार्यालयाशी नसते; फेरतपासणी करून घ्यावी लागते.

ज्या रुग्णालयात आपण पूर्वी दाखल होतो, शस्त्रक्रिया झाली होती, तिथले कागदही उपयोगी पडतात, आणि त्यासाठी माहिती अधिकाराची गरज नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने आंतररुग्णाचे अभिलेख तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. हे खासगी दवाखान्यालाही लागू आहे. तीन वर्षे उलटायच्या आत मागावे, एवढेच.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, जे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून भरता येते, आणि प्रतींसाठी पानाला २ रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र तसा दाखला जोडावा लागतो. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन कलम ६ (२) ने काढून टाकले आहे, म्हणून त्याबद्दल अर्जात काही लिहू नये. तहसील कार्यालयासाठी मजकूर असा ठेवावा : ‘माझ्या दिनांक … च्या अर्ज क्रमांक … ची संपूर्ण नस्ती, टिप्पणी पानांसह, त्यावरील तलाठ्यांचा चौकशी अहवाल व जबाब, ज्या बैठकीत अर्जावर निर्णय झाला तिच्या इतिवृत्तातील माझ्या अर्जापुरता भाग, आणि मला निर्णय कळवला असल्यास त्या पत्राची प्रत व जावक नोंदवहीतील नोंद. वरील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, तसेच मूळ नस्तीच्या पाहणीसाठी दिवस व वेळ कळवावी.’

पाहणी मागण्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या मावशीचा अर्ज ‘उत्पन्न जास्त’ म्हणून नामंजूर झाला होता. प्रतींमध्ये अहवाल मिळाला, पण त्यावरून काही उलगडा होईना. मूळ नस्ती पाहायला बसलो तेव्हा मागे टाचलेला आठ-अ चा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा दिसला. नाव तेच, आडनावही तेच, पण नवऱ्याचे नाव वेगळे. शेजारच्या वाड्यातल्या बाईची जमीन मावशीच्या नावावर मोजली गेली होती. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. एकाच आडनावाची निम्मी आळी असलेल्या आपल्या गावांत हे सहज घडते. मात्र तो उतारा प्रतींच्या गठ्ठ्यात आलेला नव्हता, आणि नस्ती उलगडली नसती तर आम्ही उत्पन्नाचे नवे दाखले काढत बसलो असतो.

इतर लाभार्थ्यांचे कागद मागण्याचा मोह टाळावा. ‘त्याचे कसे मंजूर झाले’ हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे, पण दुसऱ्याच्या वैयक्तिक माहितीच्या मुद्द्यावर सबंध अर्ज रेंगाळतो. त्याच कारणाने अर्ज दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या नावाने असावा. भावाने किंवा शेजाऱ्याने स्वतःच्या नावाने मागितल्यास तो कागद त्यांच्यासाठी ‘दुसऱ्याचा’ ठरतो. सही येत नसल्यास अंगठा चालतो. अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलासाठी पालकाने अर्ज करावा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्व देते. तो आदेश असल्यास जोडावा.

लिहिता येत नाही म्हणून अर्ज अडत नाही. तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास मदत करणे हे कलम ६ (१) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसासोबत मराठी जाणणारे कोणी असले की ते सोपे होते. दृष्टी किंवा श्रवण नसलेल्या अर्जदाराला माहिती मिळवण्यासाठी, पाहणीसाठीसुद्धा, योग्य ती मदत करण्याचे बंधन कलम ७ (४) मध्ये आहे. अर्जातच लिहावे : ‘मला दिसत नाही, पाहणीच्या वेळी सोबत एक वाचक असेल.’

पत्र असो वा अर्ज, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. आपल्याजवळच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही हवी. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असे झाल्यास वाद घालण्यापेक्षा समोरच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्ट करावे. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पावती आणि पोहोचल्याची ऑनलाइन नोंद, दोन्हींची झेरॉक्स ठेवावी. शाई पुसट होते, म्हणून पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढलेली बरी. घरात स्मार्टफोन हाताळणारे कोणी असल्यास राज्य शासनाच्या माहिती अधिकाराच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो.

माहितीच्या अर्जाचे उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असल्यास त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रतींचे पैसे भरण्याचे पत्र आले तर ते लगेच भरावेत, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या मुदतीत धरत नाहीत. उलट ३० दिवस तसेच उलटून गेले तर कलम ७ (६) प्रमाणे प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. कारणांच्या साध्या पत्रासाठी असे वेळापत्रक नाही, पण महाराष्ट्रात दफ्तर दिरंगाई कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००५ च्या अधिनियमात, कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये असे कलम १० मध्ये म्हटले आहे. पंधरा दिवस वाट पाहून, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक लिहून आणि या कलमाचा एका ओळीत उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे.

उत्तर आलेच नाही, अर्धवट आले, किंवा ‘नस्ती सापडत नाही’ असे आले, तर ३० दिवसांत प्रथम अपील करावे. त्यासाठी जोडपत्र ‘ब’ आणि २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे असते आणि ते ३० ते ४५ दिवसांत निकाली निघायला हवे. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे येतात. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. खरे सांगायचे तर आयोगापर्यंत जाण्यात पुष्कळ काळ जातो, आणि ज्याला औषधाला पैसे हवेत त्याला तो परवडत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा प्रथम अपिलाची नोटीस निघाली की नस्ती सापडते.

या सगळ्यात एक धोका आहे. माहिती अधिकाराची मुदत आणि मूळ निर्णयाविरुद्धच्या अपिलाची मुदत या स्वतंत्र आहेत. कागदांची वाट पाहताना दुसरी मुदत निघून जाते. म्हणून मुदत जवळ आली असेल तर हाती आहे तेवढ्यावर अपील दाखल करावे आणि त्यात लिहावे : ‘निर्णयाची कारणे व अभिलेख दिनांक … च्या अर्जाने मागितले असून अद्याप मिळालेले नाहीत, ते मिळाल्यावर पूरक म्हणणे सादर करण्याचा हक्क राखून ठेवत आहे.’ सोबत पोचेची झेरॉक्स जोडावी.

कागद हाती आले की आधी पानांना पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि तारखा लावून वाचावेत. चौकशी अहवालाची तारीख अर्जाच्या आधीची आहे का, जबाबावरचा अंगठा खरोखर आपला आहे का, इतिवृत्तात लिहिलेले कारण आणि आपल्याला कळवलेले कारण एकच आहे का, हे पाहावे. मग अपिलात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे लिहिण्याऐवजी ‘पान ७ वरील आठ-अ चा उतारा माझा नाही, माझ्या नावे जमीन नसल्याचा दाखला जोडला आहे’ असे लिहावे.